चौथे ठिगळ

“सून आणली आहे की दाराला पडदा? पडदा निदान वाऱ्याने हलतो तरी.”

एका राज्यात, ज्याच्या वेशीवर दोन सिंह पहारा देत आणि ज्याच्या विहिरी सुगीच्या दिवसांत गाणी म्हणत, राणी कांचनमाला आपल्या दासीला असे म्हणाली. महालाच्या दाराला खरोखरच पडदा होता. पडद्यामागे सून उभी होती.

सुनेचे नाव सगुणा. लग्नाला महिना झाला होता. हातात सासूबाईंसाठी केशरी दुधाचा पेला होता, आणि आत जावे की मागे फिरावे हे ठरायच्या आत पुढचे बोलणे तिच्या कानी आले.

“चिंध्यावालीची लेक ती,” राणी म्हणाली. “बोलत नाही तेच बरे. भागा, परवा ती राजगोधडीकडे टक लावून बघत होती. म्हटले, हिला कळले. तो चौक कालमेघाने चोरला नाही, मीच उसवून मागच्या उकिरड्यावर टाकला, हे हिला कळले.”

“कळले तरी सांगणार कोणाला, राणीसाहेब?” दासी म्हणाली. “उंबऱ्यावर अडवली तर नवऱ्याचे नाव घेता येईना. ‘घे गं, घे गं’ करून करवल्यांचे घसे बसले. ही आपली अंगठ्याने जमीन उकरतेय.”

दोघी हसल्या. सगुणा पावले न वाजवता माघारी वळली. दूध गार होत होते, म्हणून ते तिने वाटेत पिऊन टाकले.

आता ही राजगोधडी कोणती, ते ऐका. सात पिढ्यांमागे या राज्याच्या पहिल्या राणीने ती शिवली. गोधडीच्या मध्यावर चार ठिगळांचा एक चौक जोडला. पहिले ठिगळ राजाच्या पागोट्याचे, दुसरे तिच्या स्वतःच्या लुगड्याचे, तिसरे त्यांच्या पहिल्या लेकराच्या झबल्याचे. चौथी जागा गादीच्या वारसाची, दर पिढीत त्या त्या युवराजाच्या अंगावर विरलेल्या कापडाची. शेवटच्या टाक्याने चौक मिटला तेव्हा ती राणी म्हणाली, “जोवर हा चौक, तोवर या घरात ऊब. जो चौक मोडेल, त्याच्या लेकराला दगडाचा गारठा धरेल.” पहिल्या राण्या बोलत ते खरे होत असे.

बावीस वर्षांपूर्वी चौक नाहीसा झाला. त्या जागी झळझळीत नवी जर दिसू लागली. गुहेतला मांत्रिक कालमेघ याने चोरी केली असे जाहीर झाले. पुढच्या वर्षी युवराज हंसकेतू जन्मले ते पायाच्या दगडी नखांसकट. वर्षे सरली, दगड वर चढत गेला. राजा सिंहध्वजाने दर दसऱ्याला कालमेघावर फौज धाडली, फौज दर दिवाळीला हात हलवत परत आली. राजाने देशोदेशीचे शंभर जरीचे शालू आणून लेकावर पांघरले. शंभर शालूंखाली युवराज गारच. आता दगड छातीशी आला होता, आणि येत्या संक्रांतीला भर दुपारी तो काळजाला पोचणार होता.

तेव्हा राजज्योतिषी म्हणाला, “जिच्या बोटांना सुईचे घट्टे आहेत अशी सून आणा.” अशा रीतीने गोधड्या शिवत गावोगाव हिंडणाऱ्या बयजाची लेक राजवाड्यात आली. सप्तपदीला युवराजांना उचलायला आठ भोई लागले. पाचव्या पावलावर एकाचा पाय मुरगळला.

बयजाने लेकीला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. गोधडीला नवे कापड लावू नये, त्याला अंगाची ओळख नसते. टाका घालताना कापड ज्याचे त्याचे नाव घ्यावे, नाहीतर ठिगळ मुके राहते. गेलेल्याचे नाव हळू घ्यावे, जित्याचे घराला ऐकू जाईल असे. आणि शेवटचे ठिगळ मिटण्याआधी गोधडीच्या पोटात भाकरीचा घास ठेवावा, तो घरातल्या थोरल्या बाईच्या हाताने. उपाशी गोधडी ऊब धरत नाही.

त्या दुपारी सगुणा युवराजांपाशी गेली. बाकी जगापुढे तिची वाचा बसे. त्यांच्यापुढे तेवढी बसत नसे.

“मी नऊ दिवस माहेरी जाते,” ती म्हणाली.

“अवश्य. तुमचे माहेर कोणत्या दिशेला?”

“उकिरड्याच्या.”

युवराज हसले. छातीच्या दगडामुळे त्यांचे हसू अर्ध्यावर थांबत असे. “मग निघा लवकर. मी इथेच आहे. दुसरीकडे जायची सोय नाही.”

बोलताना त्यांची बोटे उपरण्याच्या काठाशी चाळा करत होती. सगुणेने ते पाहिले आणि मनात ठेवले. जाता जाता तिने कपडे टाकायच्या चांदीच्या घोडीवर मांडलेल्या राजगोधडीतून जरीचा चौक सुईच्या टोकाने उसवला. एका गाठोड्यात सुईदोरा, एक भाकरी, ती जर आणि आईचे एक जुने लुगडे बांधले. आणि राजाच्या फौजेने बावीस वर्षांत जिथे एकदाही पाऊल टाकले नव्हते, तिथे ती गेली.

उकिरड्याच्या कडेला उंबर होता. उंबराची दोन पाने एकमेकांना शिवलेली होती आणि त्यात एक शिंपी पक्षीण बसली होती.

“कोण?” पक्षिणीने विचारले.

“सून.”

“कोणाची?”

“ज्यांनी टाकले त्यांची.”

“आणि आता टाकलेले मागायला आलीस! निर्लज्जपणा घराण्यातच दिसतो. झबल्याचा तुकडा माझ्या घरट्याच्या तळाशी आहे. माझ्या पणजीच्या पणजीने तो उचलला. त्याच्या उबेवर आमची बावीस वर्षांची पिल्ले निघाली. हवा असेल तर मला तितकेच उबदार घर शिवून दे. पान देठाला लागलेले हवे. टाक्याने चिरता कामा नये, सुकता कामा नये.”

सगुणा शिवायला बसली. पहिले पान चिरले. दुसरे चिरले नाही, पण पक्षिणीने चोचीने सगळा दोरा ओढून काढला.

“टाका लांब पडलाय. माझी आई असती तर तुझे बोट टोचले असते.”

“माझी आई इथे असती तर तिनेही टोचले असते,” सगुणा म्हणाली.

तिसऱ्या पानाला तिने तिळाएवढे टाके घातले, आत सावरीचा कापूस भरला. पक्षिणीने मान डावीकडे केली, मान उजवीकडे केली. “चालेल,” ती म्हणाली. शिंप्यांच्या जातीत याहून मोठे कौतुक नाही.

तिने झबल्याचा तुकडा चोचीने काढून सगुणेच्या ओंजळीत टाकला. “यावर झोपलेली पिल्ले स्वप्नात ‘भिवबा, भिवबा’ करतात. ते त्या लेकराचे नाव. पागोटे पूर्वेकडच्या जोंधळ्यात बुजगावण्याच्या डोक्यावर आहे. लुगडे कालमेघापाशी. चोर नव्हे तो. वाऱ्याने गेले, गारठला होता म्हणून त्याने उचलले.”

तीन दिवस चालून सगुणा जोंधळ्याच्या शेतात पोचली. मध्यावर बुजगावणे उभे होते. डोक्याच्या जागी मडके, मडक्यावर पागोट्याचा विटका वेढा.

“पागोटे मागायला आलीस,” बुजगावणे म्हणाले. “देईन. पण बावीस वर्षे मी उभा आहे. बसणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तू माझ्या जागी उभी राहा. हलायचे नाही, बोलायचे नाही. मी बांधावर जाऊन बसतो.”

ही अट ऐकून मोठमोठे वीर पळाले असते. सगुणेला महिनाभर सासरी उभे राहण्याचा सराव होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच ती हात पसरून उभी राहिली. एक कावळा तिच्या डोक्यावर बसून दुसऱ्याला म्हणाला, “हे बुजगावणे नवीन दिसते.” दुसरा म्हणाला, “गरीब आहे. कान खाजवला तरी काही म्हणत नाही.” माध्यान्ही वाटेने राजवाड्याचे दोन शिपाई गेले. “नवी सून माहेरी पळाली म्हणे,” एक म्हणाला. “नवरा दगड आणि सासू विस्तव,” दुसरा म्हणाला, “मी असतो तर लग्नाआधीच पळालो असतो.” सगुणेच्या नाकाच्या शेंड्यावर माशी बसली. सगुणा हलली नाही.

सूर्य बुडाला. बुजगावणे आले, त्याचे मडके आनंदाने घुमत होते. “बसलो,” ते म्हणाले. “मग पाय पसरले. मग टेकलो. यापुढे काही हवेसे वाटत नाही.” त्याने पागोटे उतरवले. “पाऊस पडला की यातून ‘राणोजी’ अशी हाक ऐकू येते. कोणी बाई न्याहारीला बोलावते.”

उघड्या मडक्याला पाखरे भिणार नाहीत हे सगुणेच्या लक्षात आले. तिने गाठोड्यातली जर काढून त्याला गुंडाळली. दुसऱ्या दिवशी ऊन पडताच ती अशी चमकली, की पाच कोसांतले पाखरू त्या शेतात उतरेना. राणीने निवडलेल्या जरीचा बावीस वर्षांत हा पहिला उपयोग झाला.

आणखी तीन दिवसांनी सगुणा कालमेघाच्या गुहेत शिरली. दारी भाले, ढाली आणि राजाच्या फौजेचे विसरलेले जोडे पडले होते. आत दुशाल्यांच्या राशी, राशींवर मांत्रिक कुडकुडत बसलेला. खांद्यावर विटक्या लुगड्याचा वीतभर तुकडा.

“मागे सरक,” कालमेघ म्हणाला. “मी तुला वाळवी करीन. करीन म्हणतो. दात वाजतात, त्यामुळे मंत्र चुकतो.”

“इतकी वस्त्रे असून?”

“रोज सकाळी मंत्राने नव्या वस्त्रांची रास काढतो, रोज सांजेला जाळतो. सातशे वर्षांत एक वस्त्र दुसऱ्यांदा ल्यालो नाही. मांत्रिकाचा तोरा असतो. या एका तुकड्याला तेवढी ऊब आहे आणि तीच तू न्यायला आलीस. ठीक. सूर्य मावळायच्या आत मला ऊब दे, तुकडा घे. नाही दिलीस तर तू माझ्यासारखी गारठशील आणि इथेच राहशील.”

सगुणेने गुहाभर पाहिले. सगळे नवेकोरे. एक धागा विरलेला नाही, एक काठ मळलेला नाही. या माणसाला शिवून देण्याजोगे त्याच्यापाशी काहीच नव्हते. तिच्या गाठोड्यात आईचे लुगडे होते. सासरी पहिल्या रात्रीपासून ती ते उशाशी घेऊन निजत होती. त्याला चुलीचा धूर, कडुलिंब आणि बयजाच्या घामाचा वास होता.

तिने ते थोडा वेळ मांडीवर धरले. मग चार पदरी घडी घातली, कोपऱ्यापासून धावदोरा घेतला आणि कुडकुडणाऱ्या कालमेघाला ऐकू जाईल असे म्हणाली, “बयजा.” आई जिवंत होती, म्हणून मोठ्याने. भाकरीतला एक घास तिने मधोमध शिवला. “तुमच्या घरात थोरली बाई नाही, म्हणून मीच ठेवते.”

किरणे गुहेच्या तोंडाशी तांबडी झाली तेव्हा तिने शेवटची गाठ मारली. कालमेघाने गोधडी पांघरली. एक दात वाजला, दुसरा वाजता वाजता थांबला. सातशे वर्षांनी मांत्रिकाला जांभई आली.

“तुकडा घेऊन जा,” तो डोळे मिटत म्हणाला. “माझ्या स्वप्नात त्या लुगड्याची बाई येते. ठकू नाव. फार रागावते. आणि जाताना दार ओढून घे, वारा येतो.”

संक्रांतीचा दिवस. दरबार भरला होता. मधोमध शंभर शालूंत युवराज निजलेले, दगड काळजाखाली एक बोट. राजा सिंहध्वज उशाशी, राणी पायाशी. तेवढ्यात धुळीने माखलेली सून आत आली, सरळ चांदीच्या घोडीकडे गेली, राजगोधडी ओढून जमिनीवर अंथरली आणि सुई ओवायला बसली.

“सूनबाई,” राजा म्हणाला, “हे काय?”

सगुणेच्या दातांत दोरा होता. तिने पहिले ठिगळ लावले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

“काय म्हणाली?” दरबार कुजबुजला.

“राणोजी म्हणाली,” युवराज म्हणाले. ते सर्वांत जवळ होते.

दुसरे ठिगळ. “ठकू,” युवराजांनी जाहीर केले. तिसरे. “भिवबा.”

वंशावळ सांभाळणारा कारकून दचकून उठला. वंशावळीत पहिल्या राणीचे नाव महाराणी त्रैलोक्यमोहिनी होते. ठकूची त्रैलोक्यमोहिनी कधी झाली हे आजवर कोणी विचारले नव्हते. पण गोधडीच्या मध्यातून वाफ निघू लागली, तेव्हा कारकून खाली बसला आणि त्याने मुकाट्याने एक ओळ खोडली.

मग सगुणा उठली. तळहातावर भाकरीचा घास घेऊन सासूपुढे उभी राहिली.

राणीने घासाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि हिला सगळे ठाऊक आहे हे तिला उमगले. एक शब्द पुरला असता. सगुणेने तो उच्चारला नाही. हात तेवढा पुढे केलेला ठेवला.

“या हाताने घास ठेवला तर गोधडी घेणार नाही,” राणी म्हणाली. ती राजाकडे वळली. “महाराज, चौक कोणी चोरला नव्हता. मी उसवला. मी नवी सून होते. पाहुण्या राण्या आल्या होत्या. ‘राजाच्या पांघरुणाला चिंध्या, पुढच्या वेळी झोळी घेऊन दारात उभे राहतील,’ म्हणून हसल्या. मी पडद्यामागे उभी होते.”

दरबारात सुई पडली असती तर ऐकू आली असती. सुई सगुणेच्या हातात होती.

“बावीस वर्षे,” राजा म्हणाला, “मी फौज पाठवत होतो.”

“होय महाराज.”

राजाने युवराजांच्या दगडी छातीवर हात ठेवला. “घास ठेवा,” मग तो म्हणाला. “मूल आपले आहे.”

राणीने गुडघे टेकून घास ठेवला. गोधडीने तो घेतला. उबेचा एक झोत दरबारभर फिरला, पण युवराजांपाशी येऊन अडला. चौथी जागा उघडी होती.

सगुणा युवराजांकडे वळली. अंग हलत नसलेल्या माणसाने एकवीस वर्षे बोटांनी एकच काम केले होते. उपरण्याचा काठ चाळा करून करून कोळ्याच्या जाळ्यासारखा विरला होता. साऱ्या राजवाड्यात वापरून जुने झालेले तेवढेच कापड. तिने तो काठ कापला, चौथ्या जागी बसवला, घासावर मिटवला, शेवटचा टाका घातला.

काही झाले नाही. सूर्य माथ्यावर येत होता.

सगुणेच्या ध्यानात आले आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जित्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. हे जिते माणूस तिचा नवरा, आणि नवऱ्याचे नाव काही हाक मारल्यासारखे घेत नाहीत. ते उखाण्यात घ्यायचे, चारचौघांत, यमक जुळवून. उंबऱ्यावर जे तिला जमले नव्हते तेच.

“नाव घ्यायचे राहिले का गं?” राणीने हळूच विचारले. “घे, बाई. आज कोणी हसणार नाही.”

दगड काळजाला टेकला. युवराजांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, पण शब्द निघेना. उपरण्यावरची बोटे थांबली.

सगुणा उठून उभी राहिली. पदर खोचला. राजा, राणी, कारकून, भागा दासी, आठ भोई, सारा दरबार तिच्याकडे पाहत होता. तिने सगळ्यांच्या डोळ्यांत एकदा पाहून घेतले आणि खणखणीत आवाजात नाव घेतले.

ती काय म्हणाली ते शेवटी. आधी काय झाले ते ऐका.

आधी बोटे हलली. मग पाण्यात मिठाचा खडा विरावा तसा दगड छातीवरून, कमरेवरून, गुडघ्यांवरून उतरत गेला. नखे गुलाबी झाली. युवराज उभे राहिले आणि लगेच पडले, कारण चालायला ते कधी शिकलेच नव्हते. “पडलो!” ते आनंदाने ओरडले. आठ भोई धावले. युवराजांनी त्यांना थांबवले आणि हात बायकोपुढे केला. वेशीवरचे सिंह डरकाळले. सुगी अजून आली नव्हती तरी विहिरी गाऊ लागल्या.

राजाने फौजेला रजा दिली. शंभर शालूंचे शंभर तुकडे शेतोशेतीच्या बुजगावण्यांना वाटले गेले, आणि दर अमावास्येला त्यांनी बसून घ्यावे असा हुकूम निघाला. कालमेघाने एक वस्त्र दोन दिवस वापरून पाहिले, मग तीन दिवस. उंबरावरच्या पक्षिणीने राजगोधडी स्वतः येऊन तपासली आणि एका टाक्याला नाक मुरडले. चांदीची घोडी वितळवून तिच्या सुया केल्या, त्या बयजाने गावोगाव वाटल्या. राणीने आपले सर्वांत जुने लुगडे काढले आणि सुनेजवळ बसून धावदोरा शिकायला घेतला. तिचे टाके लांब पडत. सगुणा ते उसवी, आणि राणी पुन्हा घाली.

त्या घरी तेव्हापासून ऊब आहे. त्या राज्यात आजही नव्या सुनेला उंबऱ्यावर अडवले आणि तिला काही सुचेना, तर थोरल्या बायका तिच्या कानात सगुणेचा उखाणा सांगतात. तो असा:

“जरीचे शालू शंभर, ऊब देईना एक;
हंसकेतूंचे नाव घेते चिंध्यावालीची लेक.”